शेळके साहेबांची पिवळी चिठ्ठी

शेळके साहेब गेल्याची बातमी मला फोनवर कळली, पण फोन कुणी केला नाही. हार घातलेला फोटो आला. कारखान्यातल्या जुन्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी कुणीतरी टाकला होता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही तेच हात पाठवले आणि डबा भरायला घेतला. पोळी गुंडाळता गुंडाळता ध्यानात आलं, की हा फोटो साहेबांच्या घरातला आहे आणि त्यांच्या नव्या फोनने काढलेला आहे. त्यांच्या मागची भिंत मी कितीतरी वेळा पाहिलेली. ती कळकट पांढरी. फोटोत मात्र छान हिरवट दिसत होती.

"ह्यो फोन खोटं बोलतो," साहेब म्हणायचे.

डबा तसाच राहिला. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

वाळूजला दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. खातं तपासणीचं. बाहेर जाणारा प्रत्येक माल आमच्या टेबलावरून जायचा. साहेब उंचीला बेताचे, रंगाने सावळे, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेली एक किल्ली. नवीन माणसाला ती ताईताची वाटायची. ती नमुन्याच्या कपाटाची होती. गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या प्रत्येक भागाचा एक नमुना त्या कपाटात मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला असे. माल तपासायचा म्हणजे तो नमुना काढायचा, शेजारी नवा भाग ठेवायचा आणि दोन्हींवर तेच माप, तोच उजेड, तोच हात.

मी पहिल्याच दिवशी एक चकचकीत भाग उचलून म्हटलं, "साहेब, हा तर नमुन्यापेक्षा चांगला झालाय."

"चांगला हाय का, ह्यो आपला सवाल नाय," ते म्हणाले. "नमुन्यासारखा हाय का, ह्यो सवाल हाय."

त्यांच्याकडे तीन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या होत्या. हिरवी म्हणजे पास. लाल म्हणजे परत. पिवळी म्हणजे निर्णय बाकी. साहेबांचा जीव पिवळीवर. एका महिनाअखेरीला माल ट्रकमध्ये चढायचा होता, मॅनेजर दारात उभा होता, आणि साहेबांनी रंगाच्या छटेत फरक वाटतो म्हणून अख्ख्या मालाला पिवळी लावली. मॅनेजर तापला. त्याने वरच्यांची नावं घेतली, साहेबांच्या वयाचा उद्धार केला. साहेबांनी त्याच खोक्यांशेजारी स्टूल ओढलं, भाकरी सोडली आणि जेवायला बसले.

"पिवळ्याला कुणी हात लावायचा नाय," एवढंच म्हणाले. "इचार चाललाय त्याचा."

दोन दिवस विचार चालला. मग हिरवी लागली. मॅनेजर म्हणाला, पासच करायचा होता तर दोन दिवस कशाला घालवले? साहेबांना तो प्रश्नच कळला नाही.

पासच्या कागदावर दोन सह्या लागत. एक तपासणाऱ्याची, दुसरी पडताळणाऱ्याची. पहिली त्यांची, दुसरी माझी. दोन्ही झाल्या की साहेबांच्या लेखी तो माल जगातून गेला. एकदा मी घरी जाऊन झुरत बसले, की आपण पास केलेल्या एका मालात चूक राहिली असावी. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "शंका हाय तर सही करायची नाय. सही केली तर शंका घ्यायची नाय. न्हाईतर माणूस येडा हुतो, पोरी." गिऱ्हाइकाची तक्रार आली तरच पास झालेला माल परत उघडायचा, हा तिथला नियम. साहेबांनी तो घरच्या देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा पाळला.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी व्यासपीठावरच मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. स्वतःहून मात्र एकच गोष्ट मागितली. पिवळ्या चिठ्ठ्यांचं अर्धं संपलेलं रीळ. तेही रीतसर गेटपास करून घेतलं.

"हिरव्या-लाल नकोत का?" मी विचारलं.

"घरी काय माल पाठवायचा हाय?"

मुकुंदवाडीत आमच्या खोल्या होत्या, आई आणि मी. साहेबांचं घर दोन गल्ल्या सोडून, स्टेशनच्या अलीकडे. खालचा मजला बंद, वर ते. निवृत्तीनंतर त्या घरात पिवळ्या चिठ्ठ्यांचा सुकाळ झाला. नव्या बादलीवर पिवळी, कारण जुनीपेक्षा कान कच्चा वाटत होता. लग्नपत्रिकेवर पिवळी, जायचं का नाही ते ठरायचं होतं. एकदा फळीवरच्या भोपळ्यावरही पाहिली. काकू, म्हणजे साहेबांच्या बायको सुमनकाकू, मला म्हणाल्या, "मलाबी लावली असती गं यांनी, पण माझ्यासारखा दुसरा नमुना नाय घरात." साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, पण मिशीत हसले.

मग काकू बेंगळुरूला गेल्या. मुलगा तिकडे, सुनेला दिवस गेलेले. तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. नातू झाला, सुनेची नोकरी सुरू झाली, आणि तीन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. यात दुष्ट असं कुणी नव्हतं. बाळाला आजी हवी होती, एवढंच.

तुम्ही का नाही गेलात, असं साहेबांना सगळेच विचारत. ते दुष्काळाचे दिवस होते. जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता, आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा, तोही कधी पहाटे, कधी भर दुपारी. टँकर आला की गल्लीत हंड्यांची झोंबाझोंबी. साहेबांनी टाकी मोजायला एक काठी केली होती, तिच्यावर बोटाबोटाच्या खुणा. सकाळ-संध्याकाळ काठी बुडवायची आणि वहीत लिहायचं. "पाणी येईल तवा घरात माणूस पायजे," हे त्यांचं उत्तर. एकदा गेलेही होते बेंगळुरूला. वीस दिवसांसाठी गेले आणि पंधराव्या दिवशी परत आले.

"काय झालं साहेब?"

"काय न्हाय. तिथं नळ सोडला की पाणी येतं," ते म्हणाले. "माणसाला काय काम?"

काकूंचा फोन रविवारी सकाळी यायचा. मुलगा स्पीकर लावायचा, बाळ ओरडायचं, काकू लांबून काहीतरी विचारायच्या, साहेब मोठ्याने "बरंय, बरंय" म्हणायचे. दोन मिनिटांत संपायचं. साहेबांच्या आठवड्यात बोलणं एवढंच. बाकी सहा दिवस काठी आणि वही.

अशात मुलाने कुरिअरने नवा फोन पाठवला. साहेबांकडे त्यानेच तीन वर्षांपूर्वी दिलेला एक फोन होता. गाणी वाजवणारा, फोटो काढणारा, बटणांवरचे आकडे झिजलेला. नवा फोन म्हणजे त्याचीच सुधारलेली आवृत्ती. पडदा मोठा, कॅमेरा चांगला, व्हिडिओ दिसणारा, आवाज खणखणीत. मुलाने सांगितलं, जुना टाकून द्या बाबा, हा वापरा.

टाकून द्या! साहेबांनी खोक्यातलं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, नव्या फोनच्या पाठीवर पिवळी चिठ्ठी लावली, आणि वही घेऊन आमच्या घरी आले. वहीत रकाने आखलेले. डावीकडे 'जुना (नमुना)', उजवीकडे 'नवा'. खाली दोन सह्यांची जागा. दुसऱ्या सहीच्या जागी माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं.

"घाई नाय," ते म्हणाले. "कायदेशीर तपासणी करू."

आईने चहा ठेवला. मी हसू दाबलं. कारखाना सुटला तरी साहेबांना अखेर एक माल मिळाला होता.

तपासणी सुरू झाली. दोन्ही फोन एकाच वेळी चार्जिंगला, एकाच वेळी काढायचे, खिडकीत शेजारी शेजारी ठेवायचे, आधी कोण मान टाकतो ते बघायचं. दोन्हीवर तेच भजन, आवाज तेवढाच. गच्चीत उभं राहून दोन्हींनी तोच फोटो. समोर मोकळा प्लॉट, त्यात एक बाभूळ, आणि मागे लांबवर डोंगराची रेघ. पण खरी अडचण होती बोलण्याच्या आवाजाची. त्याला नमुन्याचा आवाज लागणार. मुलगा म्हणाला, मी करतो फोन. साहेबांनी त्याला सरळ नापास केलं.

"तुझा आवाज रोज येगळा असतो. कामाच्या टेन्शनवर. आईला दे. तिचा चाळीस वर्षं एकसारखा हाय."

म्हणून ठरलं असं. रोज संध्याकाळी सातला काकूंनी आधी जुन्या नंबरवर फोन करायचा, मग नव्या. दोन्हीकडे तेच शब्द बोलायचे. शब्द काकूंनीच ठरवले. "पाणी आलं का? जेवलात का? कडी लावून घ्या."

सातला कोण जेवतं, असं मी म्हटलं तर साहेब म्हणाले, नमुन्यात बदल करायचा नाय.

एका संध्याकाळी मी समोर होते. सातला पाच कमी असताना साहेबांनी पंखा बंद केला, खिडकी लोटली, खुर्चीत ताठ बसले. जुना वाजला. काकू धडा म्हटल्यासारखं बोलल्या. साहेबांनी ओळीने उत्तरं दिली. "आलं. न्हाय अजून. लावतो." फोन ठेवला, वहीत लिहिलं. 'पाणी स्पष्ट. जेवलात स्पष्ट. कडी अस्पष्ट.' मग नवा वाजला. तेच शब्द, तीच उत्तरं. साहेबांनी लिहिलं, 'तिन्ही स्पष्ट. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.' पण या वेळी फोन ठेवला नाही. काकू पुढे बोलतच होत्या. बाळाला दात येतायत, इथली ज्वारी बरी नाही, समोरच्या बाईने लोणचं दिलं.

"हे तपासणीत धरायचं नाय हां," साहेब म्हणाले.

"नका धरू," काकू म्हणाल्या, आणि पुढे सांगू लागल्या.

साहेब ऐकत होते. पेन उघडंच होतं आणि वहीवर शाईचा ठिपका वाढत चालला होता. मी उठून बाहेर आले. मला कळलं होतं. फोन कधीच तपासून झाला होता. साहेबांना निकाल नको होता, सात वाजायला हवे होते. पिवळी चिठ्ठी आहे तोवर काकूंचा आवाज रोज दोनदा येणार होता. ती निघाली की पुन्हा रविवार.

हे मला कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं, अशी सबब मला नाही.

साहेबांच्या धाकट्या भावाची गंगापूरकडे मोसंबीची बाग होती. उन्हाळ्यात ती वाळली. झाडं तोडायच्या आधी बघून येऊ म्हणाले, म्हणून मीही सोबत गेले. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आम्ही सतरा जण, साहेबांच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत दोन फोन. बाग म्हणजे करड्या काटक्यांच्या रांगा राहिल्या होत्या. पाय पडला की पाचोळा वाजायचा. मग सवयीने त्यांनी बांधावर उभं राहून दोन्हींनी फोटो काढले आणि झाडाखाली, म्हणजे जिथे पूर्वी सावली असायची तिथे, बसून ताडून पाहिले.

जुन्या फोनमध्ये बाग होती तशी दिसत होती, मातकट, मेलेली. नव्यात फांद्यांवर कसली तरी हिरवी झाक आली होती. तो फोन रंग उजळून दाखवायचा.

"हे बघ," साहेब मला म्हणाले, आवाज चढलेला. "वाळलेलं हिरवं दाखवतो. ह्याला पास कसं करू?"

भाऊ मागून वाकून बघत होता. म्हणाला, "दादा, त्यो नवाच बरा हाय. फोटोत तरी हिरवी दिसती बाग. मला पाठव त्यो एक."

साहेबांनी भावाकडे पाहिलं. त्याला फोटो पाठवला, नवाच. वहीत मात्र लिहिलं, 'रंग खरा नाही.' पिवळी चिठ्ठी कायम.

मग समोरच्या प्लॉटवर बिल्डिंग सुरू झाली. प्यायला पाणी नाही आणि स्लॅबला टँकरवर टँकर, असं ते शहर तेव्हा वाढत होतं. आधी बाभूळ गेली. मग खांब आले. दर आठवड्याच्या फोटोत डोंगराची रेघ थोडी थोडी झाकत गेली. साहेब हादरले, पण त्यांच्या पद्धतीने.

"नमुना हलला," म्हणाले. "आधीचे सगळे फोटो बाद. पहिल्यापासून काढावे लागतील."

"म्हणजे आता बिल्डिंग पुरी होईस्तोवर थांबायचं का साहेब?"

मी चेष्टेने विचारलं होतं. ते गंभीरपणे म्हणाले, "थांबावं लागंल." आणि मला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे दिसलं त्याला आनंद हाच शब्द आहे. बिल्डिंग पाच मजली होणार होती.

एके दिवशी मुलाचा मला फोन आला. चांगला मुलगा. आदराने बोलला. "ताई, तुमचं ऐकतील बाबा. आई रोज सातला हातातलं टाकून उठते, बाळ रडत असतं, एकाच गोष्टीसाठी दोन दोन फोन. पाच महिने झाले. एका फोनला किती तपासायचं? नवा वापरायला लागले तर मी रोज बाळाचे फोटो, व्हिडिओ पाठवीन. रोज नातू दिसेल त्यांना. कान लावून आवाज ऐकण्यापेक्षा ते बरं नाही का?"

मला पटलं. पटलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी कंटाळलेही होते. दर रविवारी वही घेऊन येणारे साहेब, तेच रकाने, तोच चहा. आणि कारखान्यात आता त्यांच्या खुर्चीवर मी होते. अडकलेला माल झटक्यात मोकळा करणारी बाई, असं माझं नाव झालं होतं. त्या नावाची मला लाज वाटायला हवी होती, तर तेव्हा अभिमान होता.

तपासणी खात्यातून मी एक हिरवी चिठ्ठी पर्समध्ये घालून आणली. गेटपास न करता.

त्या दिवशी नळाचा वार होता. साहेब गच्चीवर टाकीपाशी होते. खाली टेबलावर वही आणि दोन्ही फोन. मी वही उघडली, पाच महिन्यांच्या नोंदी चाळल्या. रंगाची एक नोंद सोडली तर नवा सगळीकडे सरस. मी दुसऱ्या सहीच्या जागी सही केली. फोनवरची पिवळी नखाने काढली आणि हिरवी लावली.

साहेब जिना उतरून आले. कोपरापर्यंत ओले, हातात काठी. फोन त्यांना आधी दिसला, मग वही.

"दुसरी सही पहिलीच्या आधी झाली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, आता पुरे ना. रोज नातू दिसेल तुम्हाला. मुलाने कबूल केलंय."

त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली. हात पुसले, एकेक बोट पुसलं. "नीट तपासलंस?"

"हो साहेब."

"शंका न्हाय?"

मी मान हलवली. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत सही केली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या सहीवर अविश्वास दाखवला नव्हता, त्या दिवशीही नाही. भांडले असते तर मी हरले असते. ते भांडलेच नाहीत.

सातला फोन वाजला. साहेब म्हणाले, "तपासणी संपली. नवा पास झाला." मग काकू म्हणाल्या, "बरं झालं."

मुलाने शब्द पाळला. रोज फोटो येऊ लागले. बाळ टबात, बाळ चमच्यासह, बाळ पडलेलं, बाळ उठलेलं. साहेब मला दाखवत. एकदा त्यांनी विचारलं, "ह्याला उत्तर काय द्यायचं असतं?" मी त्यांना अंगठा पाठवायला शिकवलं. मग फोटो एक दिवसाआड झाले, मग आठवड्याला. आणि रविवारच्या फोनवर मुलगा विचारायचा, "फोटो बघितले ना बाबा?" बघितले म्हटल्यावर बोलायला काही उरायचं नाही. दोन मिनिटांचं एक झालं. काही रविवारी तेही नाही, कारण फोटो आलेला असे.

सातला साहेब पंखा बंद करायचे. हे मी दोनदा पाहिलं. बंद करायचे, थोडं बसायचे, परत लावायचे.

दिवाळीला काकू आठ दिवस आल्या. नळाच्या दिवशी आम्ही दोघी हंडे भरत होतो. काकू नळाच्या धारेकडे बघत म्हणाल्या, "तपासणी होती तवा बरं होतं गं. सात वाजले की मी उठायची. सुनबाईला म्हणायची, माझं काम हाय, यांच्या फोनचं. ती बी काय म्हणायची न्हाय. आता काय सांगून उठू?"

"मग करा ना फोन काकू, असाच."

"कशासाठी म्हणून?" त्यांनी खरंच विचारलं. चाळीस वर्षांत ती दोघं कामाशिवाय कधी बोलली नव्हती. दळण, पाणी, पोराची फी, भावकीतली लग्नं. त्यातूनच जे बोलायचं ते बोलून घ्यायची त्यांची रीत. नुसता आवाज ऐकायचा म्हणून फोन करायचा, हे त्या दोघांपैकी कुणाला कसं सुचावं आणि सुचलं तरी तोंडातून कसं निघावं? मी त्यांच्यातलं ते एकुलतं एक काम काढून घेतलं होतं.

काकू गेल्यावर मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, माझी सही चुकली. परत उघडू या."

ते म्हणाले, "तक्रार कुणाची हाय?"

"माझी."

"तू तपासणारी. गिऱ्हाईक थोडीच हायेस?" आणि त्यांनी मला चहा करायला सांगितलं. दूध फाटलं होतं. आम्ही कोराच प्यालो.

पुढच्या उन्हाळ्यात माझी पुण्याच्या कारखान्यात बदली झाली. तिथे गेल्यावर रोज सातला साहेबांना फोन करायचा, असं मी ठरवलं होतं. तीन आठवडे केला. मग मीटिंगा सातला पडू लागल्या. मग रविवारी करायला लागले. मग पावसाचा, नव्या घराचा, आईच्या वाढदिवसाचा फोटो. ते अंगठा पाठवायचे. मीच शिकवलेला. माझ्या फोनमध्ये आमचं शेवटचं संभाषण म्हणून जे आहे ते एवढंच आहे, माझा एक फोटो आणि त्यांचा एक अंगठा. मुलाला मी मनातल्या मनात बोल लावायचे ते हे ध्यानात आल्यापासून बंद केलं.

पण साहेब म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते मी निघाले त्या दिवशीचे.

सामान आदल्या दिवशीच टेम्पोने गेलं होतं. आई पुढे स्टेशनवर. मी पाया पडायला गेले तर साहेबांनी टेबलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. जुना चार्ज केलेला. वहीचं नवं पान, नवे रकाने.

"तू आता बाहेरगावी चाललीस," ते म्हणाले. "म्हणजे तू गिऱ्हाईक झालीस. आता तुझी तक्रार घेता येती."

माझ्यासमोर त्यांनी ती हिरवी चिठ्ठी सोलून काढली. रिळावर मोजक्याच पिवळ्या उरल्या होत्या, त्यातली एक लावली, अंगठ्याने दाबून नीट बसवली.

"गल्लीच्या तोंडाशी जा. तिथनं लाव. आधी जुन्यावर."

"काय बोलू?"

"नमुना ठरलेला हाय."

मी गल्लीच्या तोंडाशी गेले. रिक्षा तिथे यायची होती. समोरची बिल्डिंग पाच मजले होऊन उभी होती, गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते. साहेब वर गॅलरीत. मी जुन्या नंबरवर फोन लावला. त्यांनी उचलला पण हॅलो म्हणाले नाहीत.

"पाणी आलं का?" मी म्हटलं.

"आलं."

"जेवलात का?"

"न्हाय अजून."

"कडी लावून घ्या."

त्यावरचं नेहमीचं 'लावतो' आलं नाही. मग म्हणाले, "परत म्हण. शेवटचं नीट आलं न्हाय."

मी परत म्हटलं. माझाच आवाज फुटला होता, फोनचा दोष नव्हता. मग नव्या नंबरवर तेच तीन प्रश्न. या वेळी त्यांनी मधेच थांबवलं आणि म्हणाले, "तुझ्या मागं रिक्षाचा आवाज येतोय. जा. निकालाची घाई न्हाय."

रिक्षा आलीच होती. मी फोन पर्समध्ये टाकला, बसले, आणि रिक्षा वळताना वाकून वर पाहिलं. साहेब गॅलरीतच होते. त्यांनी दोन्ही फोन दोन्ही कानांना लावले होते आणि डोळे मिटून ताडून पाहत होते. त्यांना फोन केलेली मी एकटीच होते, आणि मी तर केव्हाच बंद केला होता.